साठवलेलं पाणी खरंच खराब होतं का? साडेतीनशे वर्षांपूर्वी एका कापड दुकानदाराने याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलं होतं

रात्रीचा हंडा सकाळी ओतून द्यायचा आणि ताजं पाणी भरायचं, ही सवय आजही कित्येक घरांत आहे. पाणी शिळं झालं, असं आजीचं म्हणणं. पाणी म्हणजे काय भाकरी आहे का शिळं व्हायला, असा नातवंडांचा सवाल.

गंमत म्हणजे दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पाणी स्वतः नासत नाही, कुजत नाही, आंबत नाही. पण भांड्यात भरून ठेवलेल्या पाण्यात दिवसागणिक काहीतरी बदलत असतं, हेही खरं आहे. हा बदल जगात पहिल्यांदा ज्याने रोजच्या रोज पाहिला आणि तारखांसकट लिहून ठेवला, तो कुणी शास्त्रज्ञ नव्हता. तो कापड विकायचा. विद्यापीठाची पायरीही तो चढला नव्हता आणि मातृभाषेशिवाय त्याला दुसरी भाषा येत नव्हती.

त्याचं नाव अँटोनी व्हॅन लीवेनहूक. सूक्ष्मजीवशास्त्राचा जनक म्हणून शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येतं. त्या एका ओळीमागे एक भांडं पावसाचं पाणी, चिमूटभर मिरी आणि भयंकर चिकाटी आहे.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

अँटोनीचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातला. वडील टोपल्या विणायचे. आईचं माहेर बिअर बनवणाऱ्यांचं. अँटोनी पाच-सहा वर्षांचा असतानाच वडील वारले. आईने दुसरं लग्न केलं आणि मुलगा शाळेसाठी बाहेरगावी गेला. काही काळ तो काकांकडेही राहिला.

वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे १६४८ मध्ये, त्याला ॲमस्टरडॅमला एका कापड व्यापाऱ्याकडे काम शिकायला ठेवलं. तिथे तो धंदा शिकला. १६५४ मध्ये डेल्फ्टला परत येऊन त्याने लग्न केलं, घर घेतलं आणि स्वतःचं कापडाचं दुकान टाकलं.

घरात मात्र दुःख होतं. पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पत्नी बार्बराही गेली. त्याने पुढे दुसरं लग्न केलं, पण त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत त्याला सांभाळलं ते मारियानेच.

दुकानाबरोबर त्याला नगरपालिकेत एक नोकरी मिळाली होती. बैठकीचं दालन उघडायचं, बंद करायचं, झाडून स्वच्छ ठेवायचं, थंडीत शेगडी पेटवायची, असं कामाचं स्वरूप. पुढे त्याने जमीन मोजणीची परीक्षा दिली. आणखी काही वर्षांनी दारूची पिंपं मोजण्याचं कामही त्याच्याकडे आलं. याच डेल्फ्टमध्ये, याच वर्षी जन्मलेला चित्रकार व्हर्मीर वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहायला शहराने नेमलेला माणूसही हाच. थोडक्यात, गावात भरवशाचा, मोजमापात चोख म्हणून त्याचं नाव होतं.

मोहरीएवढं भिंग

कापडाचे व्यापारी सुतांची वीण तपासायला भिंग वापरायचे. दर बोटाला किती धागे, यावर कापडाचा भाव ठरायचा. लीवेनहूकला भिंगाची सवय लागली ती बहुधा इथूनच. पण तो कापडावर थांबला नाही. स्वतः काच वितळवून, घासून तो इवलीशी भिंगं बनवायला लागला.

त्याचा सूक्ष्मदर्शक आजच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रासारखा अजिबात नव्हता. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये मोहरीच्या दाण्याएवढं एकच भिंग, आणि समोर वस्तू टोचायला स्क्रू लावलेली सुई. ते डोळ्याला चिकटवून उजेडाकडे धरायचं. दिसायला खेळणं, पण आज शिल्लक असलेल्या त्याच्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं. त्या काळात दुसऱ्या कुणाकडेही असं भिंग नव्हतं.

१६७३ मध्ये डेल्फ्टचाच डॉक्टर रेग्निअर डी ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या माणसाची ओळख करून दिली. लीवेनहूकने बुरशी, मधमाशीचा डंख, ऊ असं काय काय पाहिलं त्याची वर्णनं पाठवली. सोसायटीला ती आवडली. तेव्हा सुरू झालेला पत्रव्यवहार पुढची ५० वर्षं चालला.

तळ्याचं हिरवं पाणी

डेल्फ्टपासून थोड्या अंतरावर बर्केल्स मीर नावाचं एक तळं होतं. हिवाळ्यात त्याचं पाणी नितळ असायचं. उन्हाळा आला की ते पांढुरकं व्हायचं आणि त्यात हिरवे ढग तरंगायला लागायचे. हे दवामुळे होतं, असं आसपासच्या लोकांचं म्हणणं.

१६७४ च्या उन्हाळ्यात लीवेनहूकने त्या पाण्याची बाटली भरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरली. आत हिरव्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या पट्ट्या होत्या. हे शेवाळ. आणि त्यांच्या मधून चपळाईने फिरणारे अनेक बारीक जीव होते.

तळ्यात जीव असणं एक वेळ ठीक होतं. पण आकाशातून पडलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याचं काय?

पावसाचं पाणी, रोज एक थेंब

सप्टेंबर १६७५ मध्ये, आतून निळ्या रंगाच्या एका नव्या भांड्यात काही दिवस पडून असलेलं पावसाचं पाणी त्याने पाहिलं. त्यात जीव होते. भांडं नवं, पाणी पावसाचं, मग हे आले कुठून?

इथे मोजणी करणारा माणूस जागा झाला. पुढच्या वर्षी, मे आणि जून १६७६ मध्ये, त्याने पुन्हा पावसाचं पाणी धरलं. छपरावरून ओघळलेल्या पाण्यात थोडे जीव दिसले. ते पन्हळीतून आले असावेत, असा त्याला संशय आला. मग त्याने चिनी मातीची कोरी बशी घेतली. जमिनीवरचे शिंतोडे उडू नयेत म्हणून ती अंगणात उंचावर ठेवली. सुरुवातीला पडलेलं पाणी फेकून दिलं आणि नंतरचं तेवढं घेतलं.

त्या ताज्या पाण्यात एकही जीव दिसला नाही.

त्याने ते पाणी फेकलं नाही. ठेवून दिलं आणि रोज त्यातला थेंब तपासत राहिला. काही दिवसांनी एखाद-दुसरा जीव दिसला. मग आणखी. मग बरेच. तारीख टाकून तो लिहीत गेला. विहिरीचं पाणी, कालव्याचं पाणी, शेव्हेनिंगनच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी, सगळं त्याने असंच पाहिलं.

पावसाचं ताजं पाणी आणि ठेवलेलं पाणी यात फरक आहे, हे आता कुणाच्या बोलण्यावर अवलंबून नव्हतं. तो दिसत होता.

मिरीचा तिखटपणा शोधायला गेला आणि

याच वर्षी त्याच्या डोक्यात आणखी एक प्रश्न होता. मिरी तिखट का लागते? तिला बारीक काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. मिरी डेल्फ्टमध्ये सहज मिळायची, कारण पूर्वेकडून मसाले आणणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचं एक कार्यालय याच शहरात होतं. आपल्या वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष आहेत, तीच ही कंपनी.

मिरी नरम व्हावी म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली. तीन आठवड्यांनी, २४ एप्रिल १६७६ ला, त्याने त्या पाण्याचा थेंब पाहिला. काटे काही दिसले नाहीत. दिसली ती जीवांची अफाट गर्दी, आणि त्यातले काही तर आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा कितीतरी लहान. आज अभ्यासक मानतात की माणसाने जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया, पाहिल्याची ही पहिली नोंद.

दोनच दिवसांनी त्याने जे केलं, ते साठवलेल्या पाण्याच्या प्रश्नाला थेट भिडणारं आहे. त्याच्याकडे बर्फ वितळून झालेलं पाणी होतं. घट्ट बूच लावलेल्या काचेच्या बाटलीत ते सुमारे तीन वर्षं पडून होतं. त्याने ते तपासलं. तीन वर्षांच्या त्या पाण्यात त्याला एकही जीव दिसला नाही. मग त्यातलं थोडं पाणी कपात ओतून त्याने मिरी टाकली आणि कप ठेवून दिला. आठवडा, दहा दिवसांत तेच पाणी जीवांनी गजबजून गेलं.

म्हणजे पाणी नुसतं जुनं झालं म्हणून त्यात जीव झाले नव्हते. बाटली उघडली, भांडं बदललं, खायला काहीतरी मिळालं, तेव्हा ते वाढले.

कुणाचा विश्वास बसेना

९ ऑक्टोबर १६७६ ला त्याने हे सगळं एका लांबलचक पत्रात रॉयल सोसायटीला कळवलं. लंडनमध्ये खळबळ उडाली, पण खात्री पटेना. नेहेमाया ग्रू या वनस्पतिशास्त्रज्ञाला हा प्रयोग करून बघायला सांगितलं गेलं. त्याला काही दिसलं नाही. वर लीवेनहूक आपली भिंगं कशी बनवतो आणि कशी वापरतो, हे कुणाला सांगायला तयार नव्हता. संशय वाढणं साहजिक होतं.

दुकानदाराची सगळी पत पणाला लागली होती. त्याने मग गावातल्या प्रतिष्ठित माणसांना घरी बोलावलं. त्यांत धर्मोपदेशकही होते. एकेकाला भिंगातून दाखवलं आणि आठ साक्षी लिहून घेऊन लंडनला पाठवल्या. बाजरीच्या दाण्याएवढ्या पाण्यात कुणी १० हजार, कुणी ३० हजार, तर कुणी ४५ हजार जीव असल्याचं सांगितलं.

शेवटी सोसायटीने हे काम रॉबर्ट हूककडे दिलं. पेशी हा शब्द विज्ञानात आणणारा तोच हा हूक. त्यालाही लगेच यश आलं नाही. त्याने मिरीचं पाणी करून काही दिवस मुरू दिलं, काचेच्या अगदी बारीक नळ्या वापरल्या, आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभासदांनी ते वळवळणारे जीव स्वतः पाहिले. १६८० मध्ये लीवेनहूकला सोसायटीचं सभासदत्व मिळालं. तो ते स्वीकारायला लंडनला कधीच गेला नाही.

बंद नळी, पन्हळीतली धूळ आणि गरम कॉफी

माणूस आता प्रसिद्ध झाला होता, पण त्याचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. हे जीव पाण्यात येतात कुठून?

त्या काळात बहुतेकांना वाटायचं की कुजक्या वस्तूंतून किडे आपोआप तयार होतात. लीवेनहूकला ते पटत नव्हतं. त्याच्या मते प्रत्येक जीव त्याच्यासारख्याच जीवापासून जन्मतो.

१६८० मध्ये त्याने दोन काचेच्या नळ्यांत मिरीची पूड आणि पावसाचं पाणी भरलं. एक उघडी ठेवली. दुसरीचं तोंड ज्योतीवर वितळवून पूर्ण बंद केलं. त्याची अपेक्षा होती की बंद नळीत काही सापडणार नाही. पाच दिवसांनी ती फोडली, तेव्हा आतलं पाणी जोराने बाहेर उसळलं आणि त्यात जीव सापडलेच. त्याला नवल वाटलं. हवेशिवाय जगणारे जिवाणूही असतात, हे समजायला पुढे जवळजवळ दोनशे वर्षं जावी लागली.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. झाकण घट्ट लावलं म्हणजे काम झालं, असं नाही. आत जाताना पाण्याबरोबर काय गेलं, तेही पाहायला हवं.

१७०२ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, त्याने घराच्या छपराच्या शिशाच्या पन्हळीतला सुकलेला गाळ घेतला. तो कोरडा ठणठणीत होता. त्यावर त्याने उकळून थंड केलेलं पाणी टाकलं. थोड्याच वेळात आत बारीक जीव हातपाय पसरून पोहायला लागले. काही महिने कागदात ठेवलेल्या गाळाचंही तेच झालं. उकळलेल्या पाण्यातून ते येणं शक्य नव्हतं. म्हणजे काही जीव कोरड्या धुळीत झोपल्यासारखे पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात. वाऱ्याने उडणारी धूळ त्यांना कुठेही नेऊ शकते, हेही त्याने ओळखलं. कोऱ्या बशीतल्या पावसाच्या पाण्यात पाहुणे आले कसे, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

दातांवरचा मळ खरवडून त्यातले जीवही त्याने पाहिले होते. सकाळी गरम कॉफी प्यायल्यावर पुढच्या दातांवरचे जीव मेलेले दिसतात, ही नोंदही त्याचीच. उष्णतेने हे जीव मरतात, हे त्याच्या कपातच दिसत होतं.

जे त्याने विचारलं नाही

पाण्यात जीव आहेत, ठेवलेल्या पाण्यात ते वाढतात, धुळीतून येतात, उष्णतेने मरतात. पाणी उकळून का प्यावं, हे समजायला लागणारे बहुतेक धागे लीवेनहूकच्या हातात होते. एकच धागा नव्हता. यातले काही जीव माणसाला आजारी पाडतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ते साहजिकही होतं, कारण त्याला दिसलेल्या जीवांपैकी बहुतेक निरुपद्रवीच होते. पण त्याच्यानंतरही कित्येक पिढ्या या जीवांकडे गंमत म्हणूनच पाहिलं गेलं.

या उशिराची किंमत मोठी होती. लंडनमध्ये १८५४ ची कॉलऱ्याची साथ एका पंपाच्या पाण्यातून पसरली, हे जॉन स्नोने घरोघर फिरून दाखवलं. पण जंतू कोणता, ते ठरायला आणखी ३० वर्षं लागली. १८८४ च्या सुरुवातीला रॉबर्ट कॉख कोलकात्यात होता. लोक पिण्यासाठी, आंघोळीसाठी आणि धुण्यासाठी वापरत असलेल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला कॉलऱ्याचे जिवाणू सापडले. लीवेनहूकच्या मिरीच्या पाण्यानंतर दोन शतकांनी साठलेलं पाणी आणि आजार यांचा दुवा जुळला.

मग आपल्या घरातल्या पाण्याचं काय?

त्याच्या नोंदी आजच्या माहितीशी जोडल्या की उत्तर स्पष्ट होतं. पाणी जुनं होऊन खराब होत नाही. त्यात काय गेलं आणि त्याला वाढायला किती वेळ मिळाला, यावर सगळं ठरतं.

रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलेल्या पाण्याची चव बदलते, ती त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून गेल्यामुळे. चव बदलली म्हणजे पाणी घातक झालं, असं नाही. पण क्लोरीन हा पाण्याचा राखणदार असतो. तो गेला की नंतर आत पडलेल्या जंतूंना अडवायला कुणी उरत नाही.

उकळलेलं पाणीही कायमचं सुरक्षित राहत नाही. उकळल्याने आतले जंतू मरतात, पण नंतर कुणी हात किंवा उष्टा पेला बुडवला तर नवे येतात. म्हणून तोटी असलेलं पिंप किंवा माठ बरा. नाहीतर लांब दांडीचं ओगराळं वापरावं. भांड्याच्या आतल्या बाजूला हाताला बुळबुळीत थर लागत असेल, तर तो जिवाणूंचाच असतो. नुसतं विसळून तो जात नाही, घासावा लागतो.

बंद बाटलीवर जी तारीख असते, ती पाणी नासण्यापेक्षा बाटलीशी जास्त जोडलेली असते. प्लास्टिक उन्हात तापलं, फार काळ पडून राहिलं, की चव आणि वास बदलतो. बाटली तोंडाला लावून एकदा प्यायली की तोंडातले जिवाणू आत जातात. मग तारीख काहीही असो, ते पाणी लवकर संपवलेलं बरं. घरी स्वच्छ भांड्यात भरून ठेवलेलं आणीबाणीचं पाणी दर सहा महिन्यांनी बदलावं, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचा सल्ला आहे.

आणि झाकण विसरू नका. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच. आठवडाभरात त्याची पुढची पिढी उडायला तयार होते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं पालिका सांगते ते याचसाठी.

शेवटचं पत्र

१६९८ मध्ये रशियाचा झार पीटर डेल्फ्टजवळून जात होता. त्याने लीवेनहूकला आपल्या बोटीवर बोलावून घेतलं. तिथे या दुकानदाराने त्याला इलच्या शेपटीतलं वाहणारं रक्त भिंगातून दाखवलं. आयुष्यभरात त्याने ५०० च्या आसपास भिंगं बनवली, पण ती करण्याची रीत कुणालाही शिकवली नाही.

२६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी तो गेला. शेवटच्या आजारपणातही स्वतःच्या छातीत होणारी विचित्र धडधड तो बारकाईने नोंदवत होता आणि लंडनला कळवत होता. त्याच्या मागे मारियाने चांदीचे २६ सूक्ष्मदर्शक त्याच्या इच्छेप्रमाणे रॉयल सोसायटीला पाठवले. पुढे शंभरेक वर्षांनी ते तिथून हरवले.

सूक्ष्मदर्शक गेले, पण पत्रं राहिली. कोणत्या तारखेला पाऊस पडला, बशी कुठे ठेवली, कितव्या दिवशी पाण्यात पहिला जीव दिसला, हे सगळं त्यांत आजही वाचता येतं.